सदऱ्याच्या खिशातली गोळी

परवा केजच्या दुकानदारानं लष्करी अळीचा सापळा हातात दिला आणि मला खुंटीवरचा सदरा आठवला. सापळ्यात मादी पतंगाच्या वासाची गोळी लावायची, म्हणजे नर तिला शोधत येतात आणि अडकतात, असा तो कारभार. दोन-तीन वर्षांमागं बायको नातवाला सांभाळायला लेकीकडं पुण्याला गेली, त्याच पावसाळ्यात अळीनं आमच्या मक्याचे पोंगे कुरतडले. मी ऐटीत काठी रोवून सापळा टांगला आणि घरी येऊन घामेजलेला सदरा खुंटीला अडकवला. दिवेलागणीला बघतो तर मातकट पतंग त्या सदऱ्याला नुसते धडका देतायत. घाबरून बायकोला फोन लावला. "सापळ्यात गोळी घातली का?" तिनं विचारलं. खिसा चाचपला, तर गोळी तिथंच! "आवं, ह्या वयात असले वास लावून फिरता व्हय?" म्हणत ती इतकी हसली, की तिकडं नातू जागा झाला. मग तिनं म्हशीपासून मक्यापर्यंत सगळी चौकशी केली आणि म्हणाली, "येते पंधरा दिवसांत." ते पंधरा दिवस अजून संपलेले नाहीत. आता फोनवर "जेवलात का?", "हो", "ठेवते मग", एवढंच होतं. यंदाही सापळा रानात टांगला आणि गोळी तेवढी आठवणीनं खिशात ठेवून घरी आणली. सदरा खुंटीला लावलाय, दार सताड उघडं ठेवलंय, आणि मी फोन मांडीवर घेऊन बसलोय.