आईला बोलतं करणाऱ्या बाई

अर्धांगवायूनं आईची वाचा गेली, तेव्हा नाशिकच्या दवाखान्यात एक प्राध्यापक बाई यायच्या. माणसांना सहज वापरता येतील अशी यंत्रं कशी करावीत, हा त्यांचा संशोधनाचा आणि शिकवण्याचा विषय. त्या आईच्या खाटेशी बसत आणि बराच वेळ नुसत्या तिच्या चेहऱ्याकडे बघत राहत.

त्यांच्या विद्यार्थ्यांनी आईसाठी एक टॅब तयार केला होता. चित्रावर बोट ठेवलं की तो बोलायचा, "पाणी द्या", "भूक लागली", "दुखतंय". आईनं तो डाव्या हातानं बाजूला सारला. विद्यार्थी हिरमुसले.

बाई त्यांना म्हणाल्या, "आपण यांना फक्त मागायची सोय करून दिली. यांना दुसऱ्याची विचारपूस करायची असेल तर?" मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "दादा, घरी आई सारखं काय म्हणायच्या?"

"'जेवण झालं का?' आमच्या गावी, देवळ्याला, घरी कुणीही आलं, तरी आधी हेच."

दुसऱ्या दिवशी टॅबवर ताटाचं चित्र आलं. आईनं ते निरखलं, बाईंकडे पाहिलं आणि बोट ठेवलं.

"जेवण झालं का?"

"नाही झालं, आई," बाई हळूच म्हणाल्या. आईनं मला घरून आणलेल्या डब्याकडे खूण केली. मी डबा उघडला आणि बाई तिथंच खाटेच्या कडेवर बसून भाकरी खाऊ लागल्या.

घरी आणल्यावर आई फार दिवस राहिली नाही. पण तोवर आमच्या दारात आलेला एकही माणूस तिनं विचारल्याशिवाय जाऊ दिला नाही.