साडूचं ऑलिम्पिक

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत पोरांना खेळवावं ते मीच, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. लगोरी, डबा ऐसपैस, लिंबू-चमचा, सगळं माझ्या शिट्टीवर. मग माझा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, शेजारच्या विंगमध्ये राहायला आला. लग्न ताजं, पोट सपाट.

टीव्हीवर ऑलिम्पिक चालू होतं. त्याने पोरं गोळा केली आणि खाली पार्किंगमध्ये आपलंही ऑलिम्पिक होणार म्हणून जाहीर केलं. रद्दीची गुंडाळी करून भाला, कागदी प्लेटची थाळी, गोळाफेकीला मोज्यात मोजे कोंबून केलेला गोळा. खडूच्या रेघेवरून तोल सांभाळत चालायचं, ते जिम्नॅस्टिक्स.

"लगोरी पण ठेवू या ना," मी म्हटलं.

"बाबा, ती ऑलिम्पिकमध्ये असते का?" माझी आठ वर्षांची मुलगी म्हणाली. पोरं फिदीफिदी हसली. एकटा साडू हसला नाही. माणूस चांगला आहे, हीच तर अडचण.

मला सरबत वाटायचं काम मिळालं. घरी आठवडाभर "काका असं म्हणाले, काका तसं म्हणाले". रद्दीचा भाला कुणाच्या डोळ्यात जाईल, अशी काळजी मी जेवताना तीनदा बोलून दाखवली.

"तुझ्या पोटात कित्याक दुखता रे?" आई म्हणाली.

"जळतोय तो," बायको म्हणाली. "इथवर वास येतोय."

रविवारी शेवटची शर्यत रिलेची. बॅटन म्हणून ज्याने त्याने घरून लाटणं आणायचं. पोराने गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत पळायचं, तिथे आपल्या मोठ्या माणसाच्या हाती लाटणं द्यायचं, आणि त्याने उलट गेटपर्यंत. जोडीदार पोरांनी निवडायचा. मी सरबताचा जग खाली ठेवला, बुटाची नाडी आवळली, आणि सहज उभा असल्यासारखा पुढे जाऊन उभा राहिलो.

"मी काकांना घेणार," मुलगी म्हणाली.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या एका मुलीने माझा शर्ट ओढला. तिचे आईबाबा गावाला गेले होते.

"अंकल, तुम्ही धावता की नुसते चालता?"

"बघच तू," मी म्हटलं.

ती पोरगी बाणासारखी आली. माझी मुलगी तिच्या अर्धं पाऊल मागे. लाटणं हातात पडलं आणि मी सुटलो. शेजारून साडूच्या बुटांचा आवाज येत होता. लग्नात त्याला मिळालेलं माझ्यापेक्षा मोठं चांदीचं ताट, त्याच्या हातची बिर्याणी, सासूबाईंचं "आमचे धाकटे जावई फार हौशी", सगळं डोळ्यांपुढून गेलं. गुडघा ओरडला, मी त्याचं ऐकलं नाही. गेटला पहिला हात माझा लागला.

तळमजल्याची पोरगी माझ्याभोवती नाचत होती. "अंकल, झकास!" साडूने धापा टाकत माझ्या गळ्यात बरणीच्या झाकणाचं पदक घातलं, वर पाठ थोपटली. मी मुलीला शोधत होतो. ती टाकीशीच उभी होती, रडून नाक लाल.

मी लंगडत गेलो. पदक काढून पुढे केलं. "घे, तुला."

"नको. तिलाच दे. तिच्यासाठी धावलास ना तू."

"अगं, तू काकांना घेतलंस म्हणून..."

"मग काय झालं! तू नाही म्हणायचं ना तिला!" तिने डोळे पुसले. "आणि तू तिला 'शाब्बास राणी' म्हणालास. मी ऐकलं. राणी मला म्हणतोस तू."

बापाने अशा वेळी खेळाडूवृत्तीवर चार शब्द सांगायला हवेत. पण ते नंतर. माझी लेक जळत होती, आणि तेही माझ्यावरून! मी चेहरा होता होईल तेवढा पडलेला ठेवला, तिला कडेवर घेतलं आणि साडू बघतोय ना, याची खात्री करून लिफ्टकडे निघालो.