लस टोचलेली टाकी

माशांना लस टोचतो म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, दंडावर का? पोटात, मी सांगतो. लवंगेच्या तेलाचे थेंब टाकलेल्या पाण्यात मासा आधी गुंगवायचा, मग हातात धरून टोचायचा. त्या तेलाचा वास हाताला असा बसतो की गंगापूर रोडच्या माझ्या फ्लॅटमध्ये दातांच्या दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. तक्रार करायला घरात दुसरं कोणी नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी परदेशात असते.

धरणातल्या पिंजऱ्यांत तिलापिया जातीचे मासे पाळतात. ऐन उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यांच्यात रोग शिरतो. डोळे बाहेर येतात, मासे गोल गोल फिरतात आणि मरतात. त्या रोगाच्या जिवाणूवरची लस करण्यात माझी नोकरी संपत आली होती. आधीच्या लसी फसल्या होत्या. ही फसली असती तर निवृत्तीआधी पुन्हा सुरुवात करायला वेळ नव्हता. जीव टांगणीला लागला होता तो असा.

या लसीची परीक्षा साधी आणि निर्दय असते. एका टाकीतल्या माशांना लस टोचायची, दुसरीतल्यांना नुसतं मिठाचं पाणी. काही आठवड्यांनी दोन्हींना मुद्दाम रोग द्यायचा आणि बघत बसायचं. टाक्यांच्या खोलीत बाहेरच्याला मज्जाव, म्हणून खाणं घालायलाही मीच. मिठाचं पाणी टोचलेली टाकी रिकामी होत गेली. मला वाईट वाटत होतं आणि आतून आनंदही होत होता. अशा वेळी चेहरा कसा ठेवावा हे कुणी शिकवत नाही. बरं, चेहरा बघायला तरी कोण होतं!

लस टोचलेली टाकी मात्र जगली. लासलगावला मोठी बहीण असते, तिला फोन लावला.

"ताई, मासे जगले."

"लय भारी झालं रे! मग आता काय करणार त्यांचं?"

"मारायचे."

"मग जगवले कशाला?"

रोग दिलेले मासे बाजारात नेता येत नाहीत, धरणात सोडता येत नाहीत, आणि आत जिवाणू उरलाय का हे कापून बघितल्याशिवाय लस खरी ठरत नाही, असं मी समजावलं.

"तुझं तुला माहीत, बाबा," ती म्हणाली. "जेवला का?"

शनिवारी सकाळी मासे गुंगवून मारायला लवंगेचं तेल घेऊन गेलो. कापायच्या आदल्या दिवसापासून मासे उपाशी ठेवतात. मी दार उघडलं तसे सगळे माझ्या बाजूच्या कोपऱ्यात गोळा झाले, तोंडं वर करून. ती भूक होती, दुसरं काही नव्हतं, एवढं मला कळतं. आयुष्य यातच गेलंय. पण मला बघून धावत येणारं नाशकात दुसरं कोणी उरलं नव्हतं.

मी मूठभर खाणं टाकलं. पोट भरलेले मासे त्या दिवशी कापत नाहीत, काम एक दिवस पुढे जातं, हे ठाऊक असूनच टाकलं. मग आणखी एक मूठ टाकली, स्टूल ओढलं आणि त्यांचं खाऊन होईपर्यंत बसून राहिलो. रविवारी तसंही मला कुठं जायचं नव्हतं.