लंगडी टिकटिक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि देवालाही नाही — देवापुढे बसलो की मुद्दाम भलतंच काहीतरी बडबडायचो. आता तुम्ही समोर बसलाच आहात, तर ऐका. मध्येच थांबलो तर थांबू द्या. म्हातारा माणूस आहे, आणि ही गोष्ट सहज तोंडातून निघण्यातली नाही.

रत्नागिरीच्या बाजारात माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं — एक काउंटर, एक स्टूल आणि भिंतभर टिकटिकणारी घड्याळं. ऐंशीच्या सुमाराला आखातातून सेलवरची घड्याळं यायला लागली आणि लोकांना आज्याची चावीची घड्याळं एकदम जड झाली. ती माझ्याकडे यायची. त्यातली सोन्याची मी ठेवून घ्यायचो. जुनी, परदेशी, पुन्हा मिळायची नाहीत अशी. घरी पत्र्याच्या डब्यात, मलमलीत गुंडाळून अकरा होती. बायको म्हणायची, "हातात घालत नाही, विकत नाही, मग करता तरी काय त्यांचं?" काय करत होतो? बघत होतो! रोज दुपारी जेवण झालं की एकेक काढून नुसतं बघत बसायचो. वेड म्हणा हवं तर. मी शौक म्हणायचो.

आणि बारावं मला हवं होतं. ते नारायणाच्या हातात होतं.

नारायण मांडवीचा, आगबोटीवर खलाशी. कुठल्याशा बंदरात एका म्हाताऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याकडून त्याला ते मिळालेलं. लालसर सोन्याचं, पांढरी तबकडी, निळे काटे. असं घड्याळ मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. त्यात एकच खोड होती. त्याची टिकटिक लंगडी होती — एक टिक आखूड, एक लांब, पाय ओढत चालल्यासारखी. मी म्हटलं, दे, पाच मिनिटांत सरळ करतो. तर हा हसायला लागला. "नको भाऊ. ह्या लंगड्या पायावरनंच ही मला वळकते." शेजारी त्याची बायको शेवंती उभी होती. ती लाजून पदर चावत होती.

आम्हा घड्याळवाल्यांची एक रीत असते. घड्याळ साफ केलं की पाठीच्या झाकणाला आतून सुईने बारीक खूण कोरायची. ज्याची त्याची वेगळी. माझी खूण म्हणजे मासे धरायचा गळ. नारायणाने शेवंतीच्या डोळ्याला भिंग लावून तो गळ तिला दाखवला होता. "बघून ठेव. जगात कुठं पण गेलं तरी हे घड्याळ भाऊंकडं परत येनार."

तीनदा मी त्याच्याकडे ते मागितलं. तिन्ही वेळा हसण्यावारी नेलं त्याने. तिसऱ्यांदा म्हणाला, "माझ्या हातातनं उतरलं की तुमचंच."

नारळी पौर्णिमा झाली आणि तो बोट धरायला मुंबईला निघाला. संध्याकाळच्या एसटीने जातो म्हणून घरातून बाहेर पडला. गाडीत बसला की नाही, कुणी पाहिलं नाही. पाण्यात कसा गेला, ते मला आजही माहीत नाही. निघाला होता उत्तरेला — लागला दक्षिणेला.

दहा-बारा दिवसांनी खालच्या बाजूच्या एका चौकीवरचा हवालदार माझ्या दुकानात आला. भला माणूस. किनाऱ्याला एक प्रेत लागलं होतं, म्हणाला. चेहरा माशांनी ठेवला नव्हता. बेवारस म्हणून पुरलं. हातात तेवढं घड्याळ होतं, आणि तिकडच्या घड्याळवाल्याने झाकण उघडून सांगितलं, हा गळ रत्नागिरीच्या अमक्याचा. हवालदाराने रुमाल सोडला. "कुणाचं ते तेवढं सांगा. घरच्यांना कळवायला बरं."

मी ओळखलं का? अहो, रुमालाची गाठ सुटण्याआधी ओळखलं!

मी भिंग डोळ्याला लावलं आणि खूप वेळ काढलंच नाही. भिंग लावलेल्या माणसाचा चेहरा कुणी बघत नाही, ते मला ठाऊक होतं. आत मीठ साचलं होतं, आणि मिठाखाली माझा गळ. मी म्हणालो, "खूण माझी नव्हे. गळ आहे खरा, पण माझा डावीकडे वळतो, हा उजवीकडे."

एवढंच. एवढंच बोललो मी. हवालदाराने मान डोलावली, रुमाल बांधला. आणि तो पायरी उतरत असताना — ऐका, हेही सांगतो — मी त्याला हाक मारून म्हटलं, बेवारस मालाचा लिलाव होईल तेव्हा मला कळवा.

दोन वर्षांनी त्याने इमानाने कळवलं. बारावं घड्याळ माझं झालं.

तोवर शेवंतीला काय कळलं होतं? नवरा बोटीवर पोचलाच नाही, एवढं पत्र आलं. दीर मुंबई पालथी घालून आला. मांडवीत लोक बोलायला लागले, दुसरं घर केलं असेल त्याने. आणि दरवर्षी गणपतीच्या आधी ती माझ्याकडे यायची. गजराचं घड्याळ साफ करायला आणायची, ते नुसतं निमित्त. काउंटरवर हात ठेवून विचारायची, "ह्यांचं घड्याळ आनलं काय ओ कुणी?" मी म्हणायचो, नाही वहिनी. ती म्हणायची, "दुसरीच्या घरात असले तरी असूदे. पन घड्याळ कधीतरी बिघडंलच ना?"

मी ते घड्याळ दुरुस्त केलं. गंजलेलं सगळं बदललं, लंगडेपणा काढून टाकला. सरळ चालायला हवं होतं. चाललंच नाही! चावी दिली, हलवलं, उन्हात ठेवलं — ढिम्म. घरी डब्यात ठेवायला का कोण जाणे, हात धजेना. काउंटरच्या खणात टाकलं आणि महिनोन् महिने हात लावला नाही.

त्या वर्षी शेवंती आली ती दुपारी चारच्या सुमाराला. गजराचं घड्याळ पुढे केलं आणि बोलता बोलता थबकली. मान एका बाजूला कलती केली.

"भाऊ," ती म्हणाली, "हितं हाय ते."

भिंतीवर चाळीस घड्याळं वाजत होती. मी म्हटलं, अहो वहिनी, सगळ्यांचा आवाज तसाच. आणि मग मलाही ऐकू आलं. खणातून. माझ्या गुडघ्याला लाकडातून जाणवत होतं — एक आखूड, एक लांब. एक आखूड, एक लांब. जी खोड मी स्वतः काढून टाकली होती ती. तीस वर्षं घड्याळांत डोकं खुपसून बसलोय, आत काय असतं ते मला ठाऊक आहे. हे नसतं.

मी काय केलं? उठलो, मोठ्या लंबकाच्या घड्याळाचा काटा फिरवला आणि बाराचे ठोके सुरू केले. ठण, ठण, ठण. ती माझ्याकडे बघत होती, मी भिंतीकडे. बारा ठोके संपले तेव्हा खण गप्प झाला होता.

"बारा कुठं वाजलेत, भाऊ?" तिने विचारलं.

"बिघडलंय," मी म्हणालो.

त्यानंतरही ती यायची, पण विचारायची नाही. काउंटरला टेकून जराशी उभी राहायची आणि जायची. ती रस्त्याच्या टोकाला दिसली की मी रेडिओ मोठा करून ठेवायचो.

नारायण गेल्यानंतर सातव्या वर्षी ती काविळीने गेली. तिला हिरवं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. बायका म्हणत होत्या, नशीबवान हो, सवाष्ण गेली. मी पुरुषांत उभा होतो. ती सात वर्षं विधवा होती हे तिथे फक्त मला माहीत होतं, आणि मी हात जोडून उभा होतो.

ते घड्याळ अजून माझ्याकडेच आहे. घालत नाही, विकत नाही. बघतही नाही.

शेवंतीचं तेरावं झाल्यावर तिची जाऊ दुकानात आली होती. गजराचं घड्याळ काउंटरवर ठेवलं. "हे तुमच्याकडंच ठेवा म्हनाली. आनि सांगून गेलीय, ते घड्याळ कधी गावलंच तर आधी भाऊंना दाखवा. ते एका नजरेत वळकतील."

माझा गुडघा खणाला टेकलेला होता. मी म्हणालो, "हो. ओळखेन."