भगीरथ मांडववाला आणि अंतराळातलं नियामक मंडळ

आमच्या गावात लग्न असो, बारसं असो की निवडणुकीची सभा, मांडव भगीरथ हरडचाच. धसईपासून मुरबाडपर्यंत त्याचे बांबू, कनाती आणि लाल खुर्च्या फिरत असतात. माणूस बुटका आणि अंगाने काटक. शिडीवर चढला की खाली उभ्या असलेल्याशी गप्पा मारल्याशिवाय त्याच्या हातून एक गाठ बसत नाही. पन्नाशी उलटली, गुडघे गेले, पण गप्पा आहेत तशाच आहेत.

मी मुरबाडला एका शाळेत हिशेबाचं काम पाहतो आणि आता निवृत्तीला आलो आहे. कॉमर्सला असताना व्यापारी कायदा मन लावून शिकलो होतो. एवढ्याच भांडवलावर भगीरथने मला अंतराळात नोकरी दिली.

तो एका रविवारी माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"भाऊसाहेब, तुमी कायद्याचं शिकलाव ना?"

"व्यापारी कायदा. तोही आता जुना झाला."

"चालेल. मला सन पंचवीसशेचा पायजे. तोवर हाच पुन्हा नवीन होईल."

मग त्याने त्याच्या नाटकाची गोष्ट सांगितली. माणसं वेगवेगळ्या ग्रहांवर राहायला गेली आहेत. प्रत्येक ग्रहाला स्वतःची फौज पोसणं परवडत नाही, म्हणून लढाई आली की भाड्याने सैनिक आणतात. पण भाडोत्री सैनिक सगळे सरळ नसतात. कुणी दोन्ही बाजूंना शब्द देतो, कुणी ऐन लढाईत यान घेऊन पळतो. म्हणून सगळ्या ग्रहांनी मिळून एक मंडळ नेमलं आहे. आंतरग्रहीय भाडोत्री सैनिक करार नियामक मंडळ. त्याचा शिक्का बसल्याशिवाय आकाशगंगेत कुणी गोळी झाडायची नाही.

"लढा ना, पण आधी अर्ज करा," भगीरथ म्हणाला. "मंडळाचं काम इतकंच, की एका वेळी एक सैनिक एकाचाच."

मला ही कल्पना फार आवडली. आकाशगंगेत कुठेतरी कामकाज शिस्तीत चाललं आहे, या विचाराने बरं वाटलं. मी त्याला कलमं लिहून दिली. प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल म्हणजे मोबदला, सगळं क्रमाने. त्याबद्दल त्याने मला मंडळाचा सचिव केलं.

ही कल्पना त्याला अंतराळातून सुचली नव्हती, कबड्डीतून सुचली होती. तरुणपणी भगीरथ भाड्याचा चढाईपटू होता. आमच्या भागात गावोगावच्या सामन्यांना बाहेरचा खेळाडू आणायची पद्धत जुनी आहे, आणि त्याचा करारही ठरलेला आहे. ज्या गावाकडून खेळायचं त्या गावातल्या कर्णधाराच्या घरी, चार लोकांसमोर, त्या दिवशीचं जेवण जेवायचं. ताटावरून उठलात की त्या दिवसापुरते तुम्ही त्यांचे. कागद नाही, सही नाही. पण जेवण एकीकडे आणि खेळ दुसरीकडे, असं कुणी केल्याचं ऐकिवात नाही. भगीरथ सापगावाकडे जेवला, धसईला जेवला, सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाड्यांमध्ये जेवला. सगळीकडे जेवला आणि सगळीकडून खेळला.

फक्त आमच्या गावाकडून तो कधी खेळला नाही. गावचा कर्णधार नथू, भगीरथच्याच वयाचा, अंगाने दुप्पट. तो म्हणायचा, "घरच्याला जेवायला कोण बोलावतं? त्याला खेळायचं तर येईल." आणि भगीरथ म्हणायचा, "बोलावल्याशिवाय खेळायचं कसं?" दोघंही आपापल्या जागी बसून राहिले. तेवढ्यात भगीरथचे गुडघे गेले आणि प्रश्न मिटला. म्हणजे नथूच्या दृष्टीने मिटला.

आता नथू हनुमान जयंतीच्या उत्सव समितीचा अध्यक्ष आहे. उत्सवाचा मांडव भगीरथ फुकट घालतो, पण त्याचं नाटक काही समिती घेत नव्हती. गावाला पौराणिक लागतं, असं उत्तर यायचं. यंदा भगीरथने फारच लकडा लावला तेव्हा नथू म्हणाला, "कर बाबा तुझं अंतराळ. पण आरती संपली की पडदा उघडला पायजे. नाय उघडला, तर भजनी मंडळी बसतील, आणि मग तू पुन्हा या विषयावर बोलायचं नाय. कबूल?"

"कबूल," भगीरथ म्हणाला. आपल्या गावात आपलं नाटक व्हावं, एवढं एकच त्याला हवं होतं, आणि ते आता एका पडद्यावर येऊन ठेपलं होतं.

तालमी सुरू झाल्या. यान तयार झालं लग्नाच्या कमानीचं. तिला चंदेरी कागद लावून निळ्या माळा सोडल्या. सैनिकांच्या हातात औषध फवारायचे पंप दिले. त्यातून पाणी उडायचं, त्यामुळे पहिल्या रांगेतल्या पोरांना लढाईची झळ थेट लागणार होती. मंडळाच्या अध्यक्षांना नवरा-नवरीचं मखमली सिंहासन, आणि मंडळाचा शिक्का म्हणून मुसळ. त्याचं टोक गेरूत बुडवायचं आणि करारावर दणकन आपटायचं.

अध्यक्ष झाली धोंडीबाई. वयाने साठीपुढची, नात्याने अर्ध्या गावाची आत्या. तिचा आवाज शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जातो. माइक वाचेल म्हणून भगीरथने तिला घेतलं, असं लोक म्हणायचे. पण तिने काम मनावर घेतलं. मी लिहिलेली कलमं तिने पाठ केली आणि न पटलेली कलमं मला न विचारता बदलली.

नायकाचं, म्हणजे कमांडर वज्रचं, काम करणारा तेवढा गावात मिळेना. तरणी पोरं नोकरीला बाहेर. शेवटी भगीरथने सिद्धगडाखालच्या वाडीतला नवसू आणला. उंचापुरा, खर्जातला आवाज, आणि स्वतः नावाजलेला चढाईपटू. महिनाभर तो मोटारसायकलवरून तालमीला येत होता.

उत्सवाच्या दिवशी भगीरथ सकाळपासून शिडीवर होता. न्याहारी नाही, जेवण नाही. घरून दोनदा निरोप आला, दोन्ही वेळा "आलोच" म्हणाला. दिवेलागणीला मारुतीच्या देवळात आरती सुरू झाली तेव्हा आम्ही सगळे पडद्यामागे तयार होतो. धोंडीबाई सिंहासनावर, मी तिच्या बाजूला टेबल घेऊन, आणि नवसू डोक्यापासून पायापर्यंत चंदेरी.

तेवढ्यात पंढरी आला. ओढ्यापलीकडच्या पाड्याचा हा कबड्डीचा कर्णधार. मागे त्याच्या संघातली चार पोरं.

"राम राम भगीरथभाऊ. नवसूला न्यायला आलो."

"कुठं?"

"सामना हाय ना आमचा आज. शेवटचा. दुपारी नवसू आमच्या घरी जेवला."

भगीरथने नवसूकडे पाहिलं. हेल्मेटमधून नवसूचा आवाज आला, "भाऊ, आत्या राहते ना तिथं. म्हटलं येता येता भेटून जाऊ. तिनं ताट वाढलं. आत्याला नाय कसं बोलणार?"

"आत्याकडे जेवलास. पंढरीकडे कुठं?"

"माझीच भावजय ती," पंढरी म्हणाला. "एकच चूल. मी पंगतीला होतो, ही पोरं होती. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. विचारा त्याला, भाकऱ्या किती खाल्ल्या."

"ते नका विचारू," नवसू म्हणाला.

भगीरथ मटकन खुर्चीवर बसला. सगळं आयुष्य ज्या रिवाजावर काढलं, नेमका तोच तो विसरला होता. मांडवाच्या नादात नवसूला सकाळी घरी जेवायला बोलवायचं राहून गेलं होतं.

गडबड ऐकून नथू पडद्यामागे आला. "काय ठरतंय? आरती संपत आली. भजनवाले पखवाज लावून बसलेत."

"जरा थांब ना रे," भगीरथ म्हणाला.

"थांबायचं ठरलं नव्हतं."

तेव्हा सिंहासनावरून आवाज आला. "अरे, मग हे मंडळ कशाला बसवलंय? आणा त्याला इकडं! भांडण मंडळापुढं आणा!"

भगीरथची मुलगी मनस्वी पडद्याची दोरी धरून उभी होती. तिला आरती संपल्याची घंटा ऐकू आली, आणि ठरल्याप्रमाणे तिने दोरी ओढली. पडदा उघडला. समोर सगळं गाव. स्टेजवर चंदेरी नवसू, शर्ट-पँटीतला पंढरी, समितीचा बिल्ला लावलेला नथू आणि खुर्चीत भगीरथ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाटक असंच सुरू होतं, असं त्यांना वाटलं.

धोंडीबाईने मुसळ आपटलं. "सन पंचवीसशे! मंडळ बसलंय! कोण मागतंय या सैनिकाला?"

"आमी," पंढरी म्हणाला. एवढे लोक पाहून तो नकळत ताठ झाला. "पलीकडच्या पाड्याचे."

"पाडा कुठल्या ग्रहावर हाय?"

"ओढ्यापल्याड, आत्या."

"बरं. आणि तुझं काय रे म्हणणं, भगीरथ?"

भगीरथ उठला. "अध्यक्ष महाराज, महिनाभर तालीम आमच्याकडे केली यानं."

"तालमीला काय दिलंस?"

"चहा."

"नुसता?"

"बटर पण होते."

"चहाबटराचा करार नाय होत! सचिव, होतो का?"

मी उभा राहिलो. कायद्याने पाहिलं तर चहा हे प्रतिफल धरता येतं, असं मला म्हणायचं होतं. पण धोंडीबाईने माझ्याकडे असं पाहिलं की मी म्हणालो, "मंडळ ठरवील ते."

"नवसू, खरं सांग. पोटभर जेवलास?"

"हो."

"पाणी पिऊन उठलास?"

"ताकसुद्धा प्यालो, आत्या."

समोर हशा पिकला. धोंडीबाई हसली नाही. तिने भगीरथकडे पाहिलं, मग आपल्या अंगावरच्या जरीच्या शालीकडे पाहिलं. ही शाल पांघरून बसायला तिने महिनाभर वाट पाहिली होती. नवसू गेला तर नाटक गेलं, हे तिलाही कळत होतं. तरी तिने मुसळ उचललं.

"सैनिक पाड्याचा. एका दिवशी एकाचाच. जा रे नवसू, आणि नीट खेळ."

मुसळ दणकन बसलं. नवसूने हेल्मेट काढून भगीरथच्या हातात दिलं. कपडे बदलायला वेळ नव्हता, म्हणून तो तसाच चंदेरी पँटीत पंढरीच्या मागे मोटारसायकलवर बसून गेला. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. पहिला प्रवेश रंगला होता.

नथूने भगीरथच्या कानाशी तोंड नेलं. "आता भजनवाल्यांना बोलावू का?"

भगीरथने हातातल्या हेल्मेटकडे पाहिलं. "नको. मी करतो. मीच लिहिलंय, मला येतं." आणि ते मोठं हेल्मेट त्याने डोक्यात घातलं. ते थेट खांद्यावर टेकलं.

"थांब!" धोंडीबाई ओरडली. "तू आज कुठं जेवलास?"

"कुठंच नाय, आत्या. सकाळपासून शिडीवर होतो."

"मग कुणाकडून लढणार?"

"मी गावचाच हाय ना."

"गावचा हायस म्हणून तर तुला कधी कुणी विचारलं नाय," धोंडीबाई म्हणाली. हा संवाद नाटकातला नाही हे आता पहिल्या रांगेलाही कळलं. हसणं थांबलं. "करार नाय तर लढाई नाय. मंडळाचा नियम हाय, तूच केलेला. नथू!"

"काय आत्या?"

"ताट आण."

देवळामागे महाप्रसाद तयारच होता. नथू कुणाला ताट वाढतो, हे गावाने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. पण तो स्टेजवरून उतरला, गर्दीतून वाट काढत गेला आणि पत्रावळ घेऊन आला. पुरी, बटाट्याची भाजी, गव्हाची लापशी. ती त्याने भगीरथपुढे ठेवली आणि अवजड अंगाने कसाबसा मांडी घालून समोर बसला.

"घरच्याला कोण बोलावतं, असं बोलायचो मी," नथू म्हणाला. माइक जवळ होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "चुकलंच ते. आमच्याकडून खेळतोस का, भगीरथ?"

भगीरथने हेल्मेट काढलं. ते बाजूला ठेवून तो पत्रावळीसमोर बसला.

"अरे, बोल की!" मागून कुणीतरी ओरडलं. "पुरी गार होते!"

"खेळतो," भगीरथ म्हणाला, आणि त्याने पहिला घास घेतला.

पूर्ण ताट संपेपर्यंत धोंडीबाईने त्याला उठू दिलं नाही. सगळं गाव एका माणसाचं जेवण बघत बसलं होतं. लापशी संपली, तो पाणी प्याला, आणि मग मुसळाचा शिक्का असा बसला की स्टेजची एक फळी सुटली.

पुढचं नाटक कसं झालं, हे सचिव म्हणून मला खरं सांगायला हवं. भगीरथला स्वतः लिहिलेला एकही संवाद आठवला नाही. शत्रूचे सैनिक पंप घेऊन समोर आले तेव्हा त्याने लेझर बंदूक म्हणून घेतलेला पंप खाली ठेवला, अंगावर पांघरलेली चंदेरी चादर धोतरासारखी खोचली आणि गुडघ्यांची पर्वा न करता, दम धरून, "कबड्डी, कबड्डी" करत सरळ परग्रहावर चढाई केली. दोन सैनिकांना हात लावून तो मधल्या रेषेपर्यंत लंगडत परत आला. मधली रेषा नाटकात नव्हती. लोकांनी ती आपल्या डोळ्यांनीच आखली होती. एवढा आरडाओरडा झाला की पलीकडच्या पाड्याला वाटलं सामना इकडेच चालू आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव सोडताना मी तिथे होतो. भगीरथ एक गुडघा बांधून शिडीवर चढला होता आणि शिडी खालून नथूने धरली होती. चंदेरी पँट परत करायला आलेला नवसू गाठी सोडत होता. पाडा जिंकला, हे त्याचं तोपर्यंत तीनदा सांगून झालं होतं.

"काय रे भगीरथ," नथूने वर पाहून विचारलं, "पुढच्या वर्षी मंडळ बसवायचं ना?"

भगीरथने वरची गाठ सोडली, कनात खाली टाकली आणि म्हणाला, "बघू. आधी जेवायला बोलव."