मोजणारी बगळी

"काकी, जरा चलान दाखवा."

हे त्याचं नेहमीचं वाक्य. मी चहा घेऊन वर गेले, की कपाकडे न बघता तो माझ्या पायांकडे बघायचा, मांजरासारखे डोळे बारीक करायचा आणि म्हणायचा, "आता परत दारापर्यंत जावा. जरा चलान दाखवा." आधी मला वाटलं, याला कमी दिसतं. साठी उलटलेल्या बाईला चालून दाखवा म्हणणारा भाडेकरू तुम्ही तरी कुठे बघितलाय?

तो कार्टूनवाला होता. आमच्या कोकणातल्या नांदगावात, माझ्या माडीवरच्या खोलीत दीड वर्ष राहिला. चाळिशीचा, एकटा, शर्टाची बटणं नेहमी एक घर चुकलेली. आजोळ मालवणकडचं, त्यामुळे तोंडात मालवणी होती. मुंबईच्या एका कंपनीच्या मुलांच्या मालिकेसाठी पात्रं तयार करायचा. खाडीकाठचे पक्षी, माणसांसारखे बोलणारे, भांडणारे. गोष्ट लिहिणारे वेगळे, चित्रं हलवणारे वेगळे. याने फक्त ठरवायचं, की बदक दिसेल कसं, हसताना मान कुठे टाकेल, रागावलं की पंख कुठे ठेवेल. पाटीएवढ्या स्क्रीनवर एकेक पक्षी पुढून, मागून, बाजूने काढायचा आणि शेवटी त्याला सगळा काळा रंगवून टाकायचा.

"अरे, एवढं छान काढलंस आणि पुसलंस?"

"नाक-डोळे गेले तरी कोण ता वळखाक व्हया, काकी. नायतर ता पात्र न्हय, नुसता चित्र."

माणसं तो आजूबाजूचीच घ्यायचा. स्टेशनवरचा रिक्षावाला दोन्ही कोपरं बाहेर काढून बसतो, त्याचा पाणकावळा झाला. रिक्षावाला आधी तणतणला, "माझो कावळो केलस रे?"

"पाणकावळो. तो बुडी मारून मासे काढता."

मग रिक्षावाल्याने तेच चित्र मागून घेतलं आणि रिक्षाच्या काचेवर चिकटवलं.

मला टिटवी केलं. मी चार दिवस अबोला धरला, असं सांगायला मला आवडलं असतं. पण माझ्याने एक तासही गप्प बसवलं नाही.

लळा लागला हो. माझी मुलं मुंबईला. हा दुपारी जेवायला खाली यायचा, बांगड्याचे काटे ताटाच्या कडेला ओळीत मांडायचा. एकदा मला ताप आला, तर त्याने पेज केली. करपवली. ती करपलेली पेज मी पूर्ण प्यायले.

मग त्याची बगळी अडली. गोष्टीत एक म्हातारी बगळी होती आणि काही केल्या ती जिवंत होईना. कंपनीने तीनदा चित्र परत पाठवलं. त्याचं जेवण सुटलं. ताटावर बसून नुसता भात चिवडायचा. ते मला बघवेना. मी म्हटलं, "थांब, मी तुला बगळी दाखवते."

आणि मी माझी थोरली जाऊ करून दाखवली. आम्ही तिला वयनी म्हणतो. शेजारीच राहते, दोन्ही घरांपुढचं अंगण, आमचं खळं, एकच. नकला मला पहिल्यापासून येतात, आणि वयनीची तर चाळीस वर्षांची उजळणी. मान पुढे, एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचं बोट हवेत. वयनी सगळं मोजते. कोंबड्या, वाळत घातलेली लुगडी, शाळेत जाणारी मुलं. आणि दर वेळी बोट हवेत तसंच ठेवून म्हणते, "एक कमी पडता गो!"

तो हसून लोळला. त्याचा हात भराभर चालू लागला. पाच मिनिटांत बगळी उभी राहिली, आणि ती वयनी होती. आंधळ्यानेसुद्धा ओळखली असती.

मग मला भान आलं. मी त्याला खाली बसवलं आणि वयनी का मोजते ते सांगितलं. तिची धाकटी मुलगी आठ वर्षांची असताना व्हाळाला, म्हणजे आमच्या ओढ्याला, पूर आला होता. शाळेतून पाच मुलं निघाली. साकवाच्या छोट्या पुलावरून उतरणारी मुलं वयनीने मोजली, तर चार. तेव्हापासून ती मोजते. वाडीत कोणी त्यावर हसत नाही. मुलं मोजून होईपर्यंत तिच्यासमोर थांबतात.

त्याने पेन खाली ठेवलं. डोळे पुसले. माझे हात धरून म्हणाला, "ह्या चित्र माज्याकडसून भायर जावचा नाय, काकी. तुमची आण."

ते डोळे खरेच भरले होते. खोटे असते तर मला सोपं गेलं असतं.

मालिका सुरू झाली, तेव्हा अर्धी वाडी माझ्या घरी जमली. त्याचं कौतुक म्हणून मी खोबऱ्याच्या वड्या केल्या होत्या. वयनी सगळ्यांत पुढे, खुर्चीवर. पाणकावळा आला, टाळ्या. टिटवी आली, सगळे माझ्याकडे बघून हसले, वयनी सगळ्यांत जास्त. मग बगळी आली. मान पुढे, एक पंख कमरेवर. पिल्लं मोजू लागली. एक पिल्लू तिच्याच डोक्यावर बसलेलं, आणि ही खाली शोधते आहे. "एक कमी पडता गो!"

मुलं खदखदून हसली. मोठ्यांच्या नजरा वयनीकडे वळल्या. वयनी थोडा वेळ तशीच बघत राहिली, जणू नीट दिसलं नव्हतं. मग हातातली वडी खुर्चीवर ठेवून उठली आणि गेली.

मी वर गेले. तो लॅपटॉपसमोरच होता.

"तू आण घेतली होतीस."

"कंपनीक तीच आवडली, काकी. बाकीची सगळी परत इली. माजा काम जातला होता."

"म्हणून वयनीला विकलंस?"

"ती बगळी आसा. बाईमाणूस न्हय." आणि मग खाली बघत, हळू आवाजात, "आणि मी त्यांका कधी चलताना नीट बघूकच नाय. तुमीच माका चलान दाखवलास."

मी खाली आले आणि वयनीने ठेवलेली वडी खुर्चीवरून उचलली.

आठ दिवसांत शाळेच्या वाटेवरची मुलं ओरडायला लागली. वयनीच्या बेड्याशी, म्हणजे फाटकाशी आली, की बोट हवेत, "एक कमी पडता गो!" वाईट मुलं नाहीत ती. ती टीव्हीवरच्या बगळीला ओरडत होती. वयनी शाळेच्या वेळेला घरात राहायला लागली.

मी तिच्याकडे गेले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याका कोणी सांगल्यान गो?"

मी तिच्या पुढ्यातले खडे वेचायला लागले. ती समजली.

"चेडवाचासुदीक सांगलंस?"

मुलीचंही सांगितलं होतं, मी मान डोलावली. तांदूळ बाजूला सारून ती म्हणाली, "आदी त्याका घरातसून काढ. मगे माझ्याकडे ये. मगे बघूया."

एवढं दार तिने उघडं ठेवलं होतं. मी त्याच संध्याकाळी त्याला सांगितलं, खोली रिकामी कर. त्याने वाद घातला नाही.

दोन दिवसांनी, सकाळी, रिक्षा आली. मी मनाशी ठरवलं होतं, बाहेर जायचं नाही. पण लांबच्या गाडीला निघालेला माणूस या घरातून रिकाम्या हाताने कधी गेला नाही. माझ्या सासूने भांडून निघालेल्या पाहुण्यांनासुद्धा बांधून दिलेलं मी बघितलंय. पहाटेच उठून मी घावणे काढले होते. कोणासाठी काढते, हा विचारच मनात आला नाही. हात आपले चालत होते. तो पाया पडायला वाकला आणि मी केळीच्या पानात बांधलेले घावणे आणि चटणी त्याच्या हातावर ठेवली.

"काकी, रागावलास नाय मां?"

"जा. गाडी चुकात."

रिक्षा वळली. मी डोळे पुसून मान वर केली, तर खळ्याच्या पलीकडे वयनी उभी. कोकमाची सोलं वाळत घालायला आली होती, सूप हातात. तिने सगळं बघितलं होतं.

मी हाक मारली, "वयनी!"

तिने सूप तिथेच ठेवलं. अर्धी सोलं सुपात, अर्धी पसरलेली. ती घरात गेली आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला. आमच्या वाडीत दिवसा कोणी दाराला कडी घालत नाही.