पार्लरमधला घट

"किती माणसं?" लॉजच्या काउंटरवरल्या माणसानं विचारलं.

"दोन माणसं. आणि एक दिवा," मी म्हटलं.

"लाइट हाय की रूमला."

"तसला न्हवं. तेलाचा. नऊ दिवस विझवायचा न्हाय असला."

त्यानं पेन खाली ठेवलं आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मावशी, रूम पेटली तर मालक मला पेटवंल. पुढं बघा."

नवरात्रात कोल्हापुरात राहायला जागा मिळत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण आमचं दुखणं न्यारंच होतं. आम्हाला कुठंही पाय पसरायला मिळाले असते. आमच्या दिव्याला कुणी घरात घेईना.

त्याचं असं झालं. मी कोल्हापूरची लेक, बिद्रीला दिलेली. माहेरी होते तोवर दर ललिता पंचमीला सकाळपासून आम्ही टेंबलाईच्या वाटेवर उभ्या असायचो. त्या दिवशी अंबाबाई पालखीत बसून टेकडीवर जाते, आपल्या रुसलेल्या सखीला, टेंबलाईला, भेटायला. रस्ताभर रांगोळ्या, हलगी, सनई, बायकांच्या हातात आरतीची ताटं. लग्न झालं आणि हे सगळं बंद झालं. सासरी नवरात्रात घट बसतो, घटासमोर अखंड दिवा आणि दिव्यासमोर आमच्या आत्ती. आत्ती म्हणजे सासूबाई. आमच्याकडं तसंच म्हणतात.

घटस्थापनेला दिवा लागला की दसऱ्यापर्यंत आत्ती घराचा उंबरा ओलांडत नाहीत. तेल त्याच घालणार, काजळी त्याच झाडणार, रात्री तिथंच घोंगडं टाकून एक डोळा उघडा ठेवून झोपणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. नवी होते तेव्हा मी म्हणायची, "आत्ती, मी बघते की." उत्तर ठरलेलं, "तू सैपाकाचं बघ." मला लई राग यायचा. एक दिवा सांभाळायला काय डॉक्टरकी लागते? पण बोलायची सोय नव्हती. मग मी भांडी जरा जोरात आदळायची, आणि त्या ऐकू न आल्यागत करायच्या. आमचं नवरात्र असंच जायचं.

मागल्या खेपेला पंचमीदिवशी मी मोबाइलवर पालखी बघत होते. आत्ती म्हणाल्या, "दाव बघू." मोबाइल डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. "एवढीशी दिसती गं," म्हणाल्या. मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "मी एकदाबी बघितली न्हाय."

मला खरंच वाटेना. बाई कागलकडच्या एका खेड्यात जन्मली, बिद्रीत नांदली. एसटीत बसलं की तासा-दीड तासात कोल्हापूर. एरवी अंबाबाईच्या दर्शनाला कितीतरी वेळा गेलेल्या. पण पंचमीची पालखी नाही. माहेरी आईनं गर्दीत जाऊ दिलं नाही, आणि सासरी दिवा. आता सत्तरी कधीच मागं पडली, गुडघे गेले. मी बोलून गेले, "पुढच्या वर्षी जायाचंच."

"आणि दिवा?"

"आवो, अंबाबाई सवता घर सोडून टेंबलाईकडं जाती. तुमाला काय झालं?"

"तिच्या दिव्याला पुजारी हाईत," आत्ती म्हणाल्या.

पण मीही कोल्हापूरची. हट्ट धरला की सोडत नाही. यंदा श्रावणातच मी विषय काढला, की दिवा सोडून येणार नसाल तर दिवाच घेऊन जाऊ. घट इथं न बसवता कोल्हापुरात बसवू. तिसऱ्या दिवशी आत्ती आपण होऊन गावातल्या गुरवाकडं जाऊन आल्या. गुरव म्हणाला, "देवाला चालतंय. तुमाला चालतंय का बघा." आत्तींना चाललं. आमच्या ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तुमी दोघी एका गोष्टीवर एक झालासा, म्हंजे आता मला इचारता तरी कशाला?" म्हशींची धार काढायला हे मागं राहणार, हेही त्यांनीच ठरवून टाकलं.

मग जागेची शोधाशोध. पहिल्यांदा नणंदेचं घर. आत्तींची सख्खी लेक, टाकाळ्याकडं फ्लॅट, पालखीच्या वाटेवर. पण तिच्याकडं तिच्या सासरचा घट बसतो, आणि एका उंबऱ्याच्या आत दोन घट बसत नाहीत. माझ्या भावाकडंही तेच. शिवाय सुनेच्या माहेरी नऊ दिवस मुक्काम? आत्तींना ते पटणारं नव्हतं. मग लॉज झाले. एका भक्त निवासात एक गृहस्थ मला शिकवायला लागले, "अहो, साक्षात देवीच्या दारात आल्यावर घरचा घट हवाच कशाला?" मी ते घरी येऊन सांगितलं. आत्ती म्हणाल्या, "पंगतीत जेवलं म्हणून घरची चूल इझवायची काय?" मला वाटलं, आत्तींनाच सोबत न्यायला पाहिजे होतं.

शेवटी नणंदेचा फोन आला. तिच्याच इमारतीत खाली रस्त्याला लागून एक गाळा रिकामा झाला होता. मागं मोरी, नळ, पंखा. मालक म्हणाला, दसऱ्यापर्यंत वापरा, नंतर नवा भाडेकरू येणार आहे. एकच गोष्ट होती. तिथं आधी ब्युटी पार्लर होतं.

"आईला पार्लरमध्ये नेतीस व्हय?" हे पोट धरून हसले.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आम्ही जीपमधून निघालो. देवाचे टाक आत्तींच्या मांडीवर, खणात गुंडाळून स्टीलच्या डब्यात. पायाशी आमच्या रानातली काळी माती, पत्रावळ, सात धान्याची पुडी, तेलाचा डबा. गाळ्याचं शटर वर गेलं आणि आत्ती दारातच थांबल्या. एका भिंतीवर नवरीच्या मेकअपचे भले मोठे फोटो, दुसऱ्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा. आरशाला बघून म्हणाल्या, "ह्यात दुसरा घट दिसणार." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मग आरशावर माझ्या दोन साड्या बांधल्या. नवरीच्या फोटोंना मात्र त्या राहू द्या म्हणाल्या, "असू देत, सवाष्णी हाईत." वरच्या मजल्यावर लेकीचा घट, खाली आपला, हे चालतं का याचा निवाडाही त्यांनीच केला. शटरच्या खाली रांगोळीची जाड रेघ ओढली आणि म्हणाल्या, "उंबरा येगळा, म्हंजे घर येगळं." झालं, आमचं घर तयार झालं.

खरी मजा दुसऱ्या दिवशी घट बसल्यापासून. उजेड-वारा यावा म्हणून शटर वर असायचं. नवरात्रात टेंबलाईला जाणाऱ्या माणसांची त्या रस्त्यानं रोजच रीघ. माणसं बघत काय होती? वर 'ब्युटी पार्लर'ची पाटी, आत घट, तेवता दिवा आणि पाटावर ताठ बसलेली म्हातारी. एक बाई चप्पल काढून सरळ आत आली, पाया पडली आणि पिशवीतली बाटली काढून आमच्या दिव्यात तेल घालायला वाकली.

"ए, ए! थांब!" आत्ती ओरडल्या. "मंडळाचं न्हाय हे. घरचं हाय, घरचं!"

"असू दे की आजी," ती बाई म्हणाली, "देवी काय वर्गणीनं येती व्हय?" आणि तिनं तेल घातलंच.

त्या दिवशी आत्तींचा चेहरा बघवत नव्हता. इतक्या वर्षांत त्या दिव्यात परक्या हातचा थेंब पडला नव्हता. मला भीती वाटली की आता म्हणतात, चल बिद्रीला. पण माणसं यायची थांबेनात. कुणी नारळ ठेवायचं, कुणी वेणी. कॉलेजला निघालेल्या पोरी पार्लर सुरू आहे का विचारायला यायच्या आणि पाया पडून जायच्या. आत्तींनी मग एक किटली पुढं ठेवली. ज्याला तेल द्यायचं त्यानं किटलीत ओतायचं, दिव्यात त्या घालणार. चौथ्या दिवशी तर मी ऐकलं, त्या एका अनोळखी बाईला तिच्या सुनेला दिवस गेलेत का, असं विचारत होत्या. गावात नवरात्रभर भिंतीकडं बघत बसणारी बाई इथं राज्य करत होती. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

पंचमी उजाडली. सकाळीच रस्त्यावर पाणी मारलं, रांगोळ्या पडल्या. नणंद वरून आरतीचं ताट घेऊन आली. दहा वाजायच्या आतच फुटपाथ माणसांनी फुलून गेला आणि लोक मागं सरत सरत आमच्या गाळ्यात शिरायला लागले. पोरं दिव्यापर्यंत पोचली. बंदोबस्ताचा पोलीस म्हणाला, "मावशी, शटर खाली घ्या, न्हायतर चेंगरतील लोक."

शटर खाली घ्यायचं म्हणजे आत कुणीतरी बसायला हवं. तेवता दिवा बंद खोलीत एकटा सोडत नाहीत.

"मी बसते," आत्ती म्हणाल्या. "तुमी दोघी जावा. या बघून."

माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. "आवो, मग एवढा खटाटोप केला कशाला? बिद्रीत बसून काय वाईट हुतं? ती दारात आलीया आणि तुमी आत बसणार?"

"वराडू नको. मला आवाज येतोय की आतनं. तेवढं बास हाय."

"आई, मी बसते," नणंद म्हणाली.

"तू न्हाय. तुझा घट वर हाय. घरचा दिवा लेकीकडं नसतो." बोलून गेल्यावर त्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी लेकीच्या पाठीवरनं हात फिरवला. पण शब्द मागं घेतला नाही.

हलगीचा आवाज जवळ यायला लागला. कोपऱ्यावर कुणीतरी 'उदं गं अंबे उदं' म्हणून साद दिली. आत्तींनी दिव्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हातपाय धुऊन ये," म्हणाल्या.

मी मोरीत जाऊन हातपाय धुतले. बाहेर आले तर आत्ती पाटावरनं उठल्या होत्या. गुडघ्यावर हात देऊन उभ्या.

"बस," म्हणाल्या. "वात वर सारताना फुंकर घालू नकोस. वारा आला तर पदर आडवा धर." आणि लेकीचा हात धरून बाहेर गेल्या. पोलिसानं शटर खाली ओढलं, पण पुरतं नाही. खाली वीतभर फट राहिली.

मी पाटावर बसले. खोटं का बोलू, मला आधी रडू आलं ते पालखी हुकली म्हणून. एवढी वर्षं मीसुद्धा वाट बघितली होती, कुणाला सांगितलं नव्हतं एवढंच. दारात आलेली अंबाबाई, आणि मी शटरच्या आत. मग दिव्याची ज्योत जराशी हलली आणि मी पदर आडवा धरला. त्यानंतर दुसरं काही सुचलंच नाही.

सनई अगदी दारात आली. मी खाली वाकून फटीतून बघितलं. पालखी कसली दिसते! नुसते पाय. अनवाणी पाय, गर्दीचे, रांगोळी तुडवणारे, पाकळ्या चिकटलेले. त्यांत मला हिरव्या काठाचं लुगडं दिसलं आणि त्याखाली भेगा पडलेल्या दोन टाचा. त्या टाचा जमिनीला टेकलेल्या नव्हत्या. ज्या बाईला न्हाणीची एक पायरी चढताना माझा खांदा लागतो, ती बाई चवड्यांवर उभी होती. पालखी पुढं जाईपर्यंत तशीच उभी होती. मी तिथं एकटीच हुंदके देऊन रडले, आणि हसले पण.

आवाज टेकडीकडं गेला, गर्दी पांगली, शटर वर गेलं. आत्ती आत आल्या. कपाळ हळदीनं पिवळंधमक, डोळे लाल.

"बघितलासा?" मी विचारलं.

"बघितली." दिव्याकडं एकदा बघितलं. तेल किती आहे, काजळी झाली का, काहीच विचारलं नाही.

त्यांची जागा त्यांना द्यावी म्हणून मी पाटावरनं उठायला लागले.

"उठू नकोस. दिव्याम्होरं बसलीयास," असं म्हणून त्या मागं मोरीपाशी गेल्या. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, आधण ठेवल्याचा आला. साखरेचा डबा शोधताना थोडी आदळआपट झाली. मग आतनंच त्यांनी विचारलं, "चहात साखर किती घेतीस गं तू?"